चकमक

‘सभागृहात शाब्दिक चकमक’ हा मथळा वाचून हसू आलं. आदल्याच दिवशी हरिहर किल्ल्याच्या पायथ्याशी, पावसानं भिजलेला लायटर मी खटखटवत बसलो होतो. शेवटी सोबतच्या आजोबांनी बटव्यातून खरीखुरी चकमक काढली: गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि शेवरीचा कापूस. पाच-सहा फटक्यांत धूर!

शब्द मूळचा तुर्की. ‘चाकमाक’ म्हणजे आघात करणं, ठिणगी पाडणं. फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडे आला. शब्द परका, दगड मात्र घरचा. नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१च्या उत्खननात याच जातकुळीच्या दगडांची पाती निघाली. सिन्नरला तर ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच आहे. गंमत म्हणजे ठिणगी दगडाची नसतेच. दगड पोलादाचे कण खरवडतो आणि ते हवेत पेटतात.

पुढे गारगोटी बंदुकीच्या घोड्यावर चढली. चुलीपुरती ठिणगी रणात गेली. छोट्या झटापटीलाही ‘चकमक’ म्हणू लागले. आता पोलिसांची चकमक, आमदारांची चकमक. विस्तवाचा पत्ता नाही. इस्तंबूलमध्ये मात्र आजही लायटरला ‘चाकमाक’च म्हणतात. म्हणजे माझ्या खिशातही भिजलेली चकमकच होती!

हल्ली साधेपणाच्या ओढीनं तरुण ट्रेकर ठिणगी पाडणारी कांडी पाठपिशवीत ठेवतात. तिला म्हणतात ‘फायर स्टार्टर’. चकमक म्हटलं, तर विचारतात, “कुणाशी?”