कासाल्सच्या लहान तबकड्या

मोठ्या कलावंताच्या लहान कृतींकडे पाहण्याची जाणत्यांची दृष्टि बहुधा सावत्रपणाची असते. कॅटलोनियांत जन्मलेला चेलोवादक पाब्लो कासाल्स (1876–1973) याच्याविषयीं बोलतांना बाखच्या सहा सुइटांचें नांव प्रथम निघतें, आणि तें योग्यच आहे. परंतु 1915 पासून अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें त्याच्या ज्या लहान, लोकप्रिय रचना मुद्रित केल्या, त्यांची बोळवण ‘पोटासाठीं केलेलें काम’ एवढ्या शब्दांत करण्याकडे पुष्कळांचा कल असतो. हा निवाडा आम्हांस इतिहासाला धरून वाटत नाहीं.

प्रथम तबकडीचाच विचार करूं. त्या काळीं ध्वनिमुद्रणांत मायक्रोफोन आलेला नव्हता. वादकानें मोठ्या कर्ण्यापुढें बसावें, वाद्याच्या आवाजानेंच पडदा हलावा आणि सुईनें मेणावर रेघ कोरावी, असा सारा प्रकार. बारा इंची तबकडीच्या एका बाजूस चार-साडेचार मिनिटांहून अधिक जागा नसे. सँ-साँसचा ‘हंस’, शुमानचें ‘स्वप्नरंजन’, रुबिनस्टाइनची ‘एफ्’ स्वरांतली मेलडी या रचनांची निवड श्रोत्यांच्या रुचीनें केली तितकीच तबकडीच्या व्यासानेंही केली. शिवाय याच मालिकेंत बाखच्या तिसऱ्या सुइटमधील कांहीं भाग सुटे सुटे येऊन गेले, हें सहसा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. आपल्याकडे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचें गाणेंही असेंच तीन-साडेतीन मिनिटांत कोंडलें गेलें. त्या तबकड्यांस पोटार्थी म्हणण्याचें धाडस कोणी करील काय?

कासाल्सच्या बाबतींत तर लहान रचना आणि बाख यांचें नातें याहूनही जुनें आहे. पोरवयांत बार्सिलोना येथें संगीत शिकत असतां तो ‘कॅफे टोस्ट’मध्यें वाजवी; वॉल्ट्झ, ऑपेरांतल्या चाली, लोकांच्या ओठांवरचीं गाणीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ अभिजात संगीतास द्यावी, असें त्यानें मालकास पटविलें. पुढें दुसऱ्या एका कॅफेसाठीं नवे तुकडे हवे होते, म्हणून 1890 सालीं वडिलांसह तो बंदराजवळच्या दुकानांतून जुनीं स्वरपुस्तकें चाळीत हिंडला, आणि त्या ढिगांत त्यास बाखच्या सुइटा सांपडल्या! पुढें सुमारें बारा वर्षें अभ्यास केल्यावरच त्यानें त्यांतली एक लोकांपुढें वाजविली. कॅफेंतील करमणुकीचा शोध नसता तर ती भेट कधीं झाली असती, कोण जाणे.

आतां वादनाकडे वळूं. चेलोचा स्वर पियानोच्या पट्टीसारखा ठोकळ नसावा, आधारस्वराकडे ओढ घेणारा स्वर पियानोंतल्या त्याच स्वराहून किंचित् चढाच लागावा, असें कासाल्स शिष्यांस सांगे. श्रुतींचा विचार ज्यांच्या घरचा आहे त्या मराठी श्रोत्यांस यांत नवल वाटणार नाहीं. मोठ्या कॉन्चेर्टोंत वाद्यवृंदाच्या गर्दींत हा बारकावा बुडतो. संथ, लहान रचनेंत मागें केवळ पियानो असतां तो उघडा पडतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना तो जी घसीट घेतो, ती आजच्या कानांस थोडी अधिक वाटेल; आम्हांस मात्र ती गोड लागते. ‘हंस’ हा साखरेंत घोळण्याचा मोह भल्याभल्यांस आवरत नाहीं. कासाल्सचा गज तेथें पाघळत नाहीं.

पुढें 1925 सालीं विद्युत्-मुद्रण आलें. त्यानंतर लंडनच्या हिज मास्टर्स व्हॉइसनें 1936 ते 1939 या काळांत सहाही सुइटा मुद्रित केल्या. ज्या कंपनीनें 1902 सालीं कलकत्त्यास गौहरजानचा आवाज टिपला, तिचेंच हें घराणें. पुस्तकासारख्या बांधणींतले तबकड्यांचे हे ‘आल्बम’ वर्गणीदारांच्या हातीं पडले, आणि लहान तबकड्या मागें पडल्या.

स्पेनमधील यादवींत फ्रँकोचा जय झाल्यावर, 1939 सालीं, कासाल्स फ्रान्समधील प्राद या गांवीं निर्वासित होऊन राहिला. तेव्हांपासून जलशाच्या अखेरीस तो ‘पक्ष्यांचें गीत’ हें कॅटलोनियाचें नाताळगीत वाजवूं लागला. कोणत्याही जुन्या तबकडीच्या एका बाजूस सहज मावेल एवढेंच तें. 1971 सालीं न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहांत, वयाच्या 94 व्या वर्षीं, आपल्या देशाविषयीं चार शब्द बोलून त्यानें हातीं चेलो घेतला, तो हेंच गीत वाजविण्यासाठीं.