अद्‍भुतपटातील संकलन व संगीत

अद्‍भुतपटातील प्राणी व घटना असंभाव्य असल्याचे प्रेक्षकाला ठाऊक असते. तरीही त्याच्या मनावर ताण येतो, तो मुख्यत्वे संकलन व संगीत यांच्या मेळामुळे. बोलपटाच्या इतिहासात या मेळाचे पायाभूत उदाहरण म्हणजे किंग काँग (१९३३) हा अमेरिकन चित्रपट होय. मेरिअन सी. कूपर व अर्नेस्ट बी. शूडसॅक हे त्याचे दिग्दर्शक, टेड चीझमन संकलक, तर मॅक्स स्टायनर (१८८८–१९७१) संगीतकार होते.

आरंभीच्या बोलपटांत पार्श्वसंगीत क्वचितच असे. वाद्ये दिसत नसताना संगीत आले कोठून, असा प्रश्न प्रेक्षकाला पडेल, अशी निर्मात्यांना धास्ती वाटे. काँगच्या बाबतीत मात्र संगीताची गरज तीव्र होती. सु. ४५ सेंमी. उंचीची बाहुली किंचित हलवून एकेक चौकट चित्रित केलेली असल्याने तिला वजन, क्रोध व वेदना देण्याचे काम ध्वनीवर पडले. जुनेच संगीत वापरावे, असे चित्रसंस्थेने सुचविले असता कूपर यांनी स्वतंत्र संगीतरचनेचा आग्रह धरला.

श्रेयनामावलीनंतरचा न्यूयॉर्कमधील भाग जवळजवळ संगीतविरहित आहे. जहाज धुक्यात शिरताच हार्पचे मंद स्वर सुरू होतात व त्यांत दूरवरचे नगारे मिसळतात. वास्तवातून अद्‍भुतात झालेला प्रवेश कानांनाच प्रथम जाणवतो. बळीच्या दृश्यात बांधलेली नायिका व तटावरील जमाव आलटून पालटून दिसतात. काँगची चाहूल आधी लागते, दर्शन नंतर घडते. उतरत्या तीन स्वरांचा आकृतिबंध ही त्याची संगीतातील खूण होय. दरीतील विक्राळ कोळ्यांचे दृश्य कथेची गती खुंटविते, म्हणून कूपर यांनी ते पुढे गाळले.

एम्पायर स्टेट इमारतीवरील अखेरच्या लढ्यात नेमके उलट तंत्र आढळते. वैमानिक, विमाने, काँग व नायिका यांची तुटक दृश्ये झपाट्याने येतात. मात्र संगीत थांबते व केवळ यंत्रांची घरघर आणि बंदुकांचा मारा ऐकू येतो. काँग घायाळ होऊन खचू लागल्यावर संगीत परतते आणि भीतीची जागा करुणा घेते. ताण संगीताच्या अभावातूनही साधता येतो, हे यातून स्पष्ट झाले.

पात्राच्या प्रत्येक पावलाला वाद्यांची साथ देण्याच्या स्टायनर यांच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली. तथापि पार्श्वसंगीत हे कथनाचेच अंग आहे, ही धारणा हॉलिवुडमध्ये रुजण्यास या चित्रपटाचा मोठा हातभार लागला.