लोणी कोणाचे, ताक कोणाचे?

मोरिवली म्हटले की आज कारखाने डोळ्यांपुढे येतात. परंतु 1962 साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या फार पूर्वीपासून हा मुलूख भातशेतीचा आणि गुराढोरांचा. भोंग्याच्या आधी इथे पहाटे रवीचा आवाज होता.

लोणी काढणे हे कसबाचे काम. रात्री तापवलेले दूध विरजावयाचे, पहाटे दही डेऱ्यात ओतून रवी घुसळखांबाला अडकवावयाची आणि दोरी दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढावयाची. घुसळण्याने स्निग्ध कणांभोवतीचे पातळ कवच फुटते व कण एकमेकांना चिकटतात. उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट पाणी घालावे, हे त्यामागचे शास्त्र बाईच्या हातांना ठाऊक होते. म्हशीच्या दुधात शेकडा सुमारे 7 भाग स्निग्धांश. तेव्हा शेरभर लोण्यामागे 12-13 शेर दूध घुसळावे लागे. या कामाचा हजेरीपट मात्र कोणी ठेवला नाही.

आता वाटणी पाहा. उष्ण हवेत लोणी टिकत नाही, म्हणून ते कढवीत आणि तूप बाजारात जाई. ताक गावात राही. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण याचीच साक्ष देते. शेजारी ताक मागावयास जाणे ही रोजची रीत असल्यावाचून अशी म्हण रूढ होत नाही. ज्याच्या दारी म्हैस नाही, त्याचीही भाकरी त्यामुळे कोरडी राहत नसे.

1856 साली कल्याणहून बदलापूरमार्गे आगगाडी धावू लागली आणि मुंबईची बाजारपेठ जवळ आली. 1878 साली स्वीडनच्या द लावाल यांनी मलई वेगळी करणारे यंत्र काढले. 1946 साली आणंदला दूध उत्पादकांचा संघ झाला, 1949 साली आरे वसाहत उभी राहिली. दूध दूध म्हणूनच खपू लागले. बाईच्या दंडाचा शीण वाचला, हातात रोकड आली. याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु दुधाबरोबर ताकही गावाबाहेर गेले, आणि तो तोटा म्हैस नसलेल्या घराने सोसला.

काम कोणी केले आणि नाव कोणाचे लागले, हा कामगार चळवळीचा पहिला प्रश्न. तोच इथे लागू आहे. आपल्या ओळखीच्या गावात दूध संस्था असेल, तर तिच्या सभासदांच्या यादीत धार काढणाऱ्या बाईचे नाव आहे की नाही, एवढे एकदा विचारून यावे.