घरातील कागदपत्रे आणि सामान्य स्त्रीचा इतिहास : वंशशोधाच्या साधनांचा एक विचार

प्रस्तावना

सामान्य स्त्रीचा इतिहास लिहिण्यास साधने नाहीत, असे वारंवार म्हटले जाते. हे विधान अंशतःच खरे आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांतून वंशावळी, जन्मपत्रिका, लग्नाच्या याद्या, श्राद्धाची टिपणे व जमिनीचे कागद आढळतात. त्यांत स्त्री असते, परंतु स्वतंत्र व्यक्ती म्हणून क्वचितच. ती कोणाची तरी कन्या, पत्नी, माता वा विधवा म्हणून असते. या साधनांतून तिचे आयुष्य व तिचा वंश कसा शोधता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नावाचा प्रश्न

वंशशोधातील पहिली अडचण नावाची आहे. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलते आणि अनेक घरांत पाळण्यातील नावही बदलले जात असे. बालविधवा गोदूबाई माहेरच्या जोशी, पहिल्या विवाहाने नातू आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांचे आत्मचरित्र उपलब्ध असल्याने ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे आपणांस ठाऊक आहे. ज्या स्त्रीने आत्मचरित्र लिहिले नाही, तिची अशी तीन नावे कागदोपत्री तीन निराळ्या स्त्रिया ठरू शकतात. म्हणून माहेर व सासर यांना जोडणारा कागद हाती लागणे, हीच या शोधातील निर्णायक पायरी होय.

धार्मिक व कौटुंबिक नोंदी

जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. विसाव्या शतकात प्रसिद्ध झालेल्या कुळवृत्तांतांत मात्र पत्नीचे माहेर आणि कन्येचे सासर नोंदविण्याचा प्रघात दिसतो. श्राद्धाच्या टिपणांत आई, आजी व पणजी यांची नावे टिकून राहतात. परंतु ती सासरच्या नावाने व सासरच्या गोत्राने. तिथीही बोलकी असते. एखाद्या स्त्रीचे श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीस, म्हणजे अविधवा नवमीस होत असेल, तर ती पतीच्या हयातीत निवर्तली असा निष्कर्ष काढता येतो.

जन्मपत्रिकेत माहेरचे नाव व शकवर्ष मिळते. शकात 78 मिळविल्यास इसवी सन येतो. वर्षाअखेरच्या महिन्यांसाठी मात्र 79 मिळवावे लागतात. लग्नाच्या व आहेराच्या याद्यांत मामा, आत्या, मावशी यांचे आहेर लिहिलेले असतात. वंशावळीने वगळलेले मातृकुल तेथे सापडते. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात, ही आणखी एक मर्यादा होय.

जमिनीचे कागद

या सर्वांपेक्षा अधिक नेमकी माहिती महसुली दप्तरात मिळते. तेथे स्त्री केव्हा दिसते व केव्हा दिसत नाही, हे मुख्यतः कायद्यावर अवलंबून असते. 1937 च्या कायद्याने हिंदू विधवेस मर्यादित हक्क मिळाला. पती निवर्तला आणि मुलगा लहान असला, की सातबारावर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून आईचे नाव येते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वी पुत्र असताना कन्येस सहसा वारसा नसे. त्यामुळे तत्पूर्वीच्या वारस नोंदींत तिचे नाव प्रायः आढळत नाही. त्यानंतर वारस नोंदवहीत (गाव नमुना 6-क) व फेरफारात (गाव नमुना 6) विवाहित कन्येचे नाव सासरच्या आडनावासह, कधी गावासह, येऊ लागते.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. भावांच्या नावे केलेले हक्कसोडपत्र हा कन्येचा जमिनीशी असलेला संबंध तोडणारा कागद. परंतु वडील, भाऊ, बहिणी आणि सासरचे नाव अशी तिची संपूर्ण ओळख एकत्र देणाराही पुष्कळदा तोच असतो. हक्क सोडण्यासाठी तिचे नाव लिहावे लागले, आणि म्हणून ते उरले. 2005 च्या दुरुस्तीने कन्येस वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः समान हक्क दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात त्याची व्याप्ती स्पष्ट केली. त्यामुळे या नोंदींना संशोधनाइतकेच व्यावहारिक मोलही आहे.

मर्यादा

ज्या घरी जमीन नाही, त्या घरी फेरफारही नाही. भूमिहीन कुटुंबांतील स्त्रियांसाठी गावचे जन्ममृत्यू रजिस्टर व शाळेचे जनरल रजिस्टर यांवर भिस्त ठेवावी लागते. जी मुलगी शाळेत गेली नाही, तिच्यासाठी दुसरा मार्गही बंद होतो. जनगणनेची व्यक्तिगत पत्रके आपल्याकडे कायद्याने गोपनीय असल्याने तीही उपयोगी पडत नाहीत. अशा वेळी मौखिक परंपरा साहाय्यभूत ठरते. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्यांत भाऊ, माहेर व गाव यांचे उल्लेख विपुल आहेत.

निष्कर्ष

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतल्यानंतर असंख्य कुटुंबांनी जुने दप्तर उघडले. परंतु जातीच्या दाखल्यासाठी पितृकुलाचीच साखळी ग्राह्य धरली जात असल्याने त्या शोधात पणजोबा सापडले. पणजी बहुधा बाजूसच राहिली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव समाविष्ट करण्याचा राज्य शासनाचा निर्णय पुढील पिढ्यांच्या संशोधकांस उपकारक ठरेल. मागील पिढ्यांसाठी मात्र सासर व माहेर या दोन्ही घरांचे कागद समोरासमोर ठेवून वाचणे, हाच मार्ग आहे. इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरातील एका स्त्रीचा असा शोध प्रकल्प म्हणून दिल्यास, माळ्यावर जीर्ण होत असलेली ही साधने नष्ट होण्यापूर्वी नोंदली जातील.