काळा पडलेला प्लग : शिरूर–दौंडच्या रस्त्यांवरील एका ठिणगीचा इतिहास

१/ शिरूर घोडनदीच्या काठी, पुणे–नगर रस्त्यावर. दौंड भीमेच्या काठी, रेल्वेच्या जंक्शनावर. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, म्हणजे 'इंजिन' हा शब्द या भागात जवळजवळ दीडशे वर्षे जुना आहे. 'प्लग' हा शब्द मात्र इथल्या घराघरांत पोहोचण्यास पुढे जवळपास शंभर वर्षे लागली. आजचा धागा त्या विलंबाविषयी, आणि प्लग काढून पाहण्याच्या मागे पडत चाललेल्या सवयीविषयी.

२/ विलंबाचे कारण साधे आहे. वाफेच्या इंजिनात आग बाहेर, बॉयलरखाली पेटते. तिथे प्लगचे कामच नाही. विहिरीवरचे ऑइल इंजिन डिझेलचे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये उभी राहिली आणि शेतकऱ्याला यंत्राची खरी ओळख अशा पंपांनी करून दिली. परंतु डिझेल इंजिनात हवा दाबूनच इतकी तापवतात की फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. तिथे बिघडते ते नोझल.

३/ एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला धावली, ती याच शिरूरच्या रस्त्याने. पुढे एस.टी., मालट्रक आणि ट्रॅक्टर, सारेच डिझेलवर स्थिरावले. पेट्रोलची मोटार गावात एखाद्याकडेच, आणि तिची काळजी ड्रायव्हरने घ्यायची.

४/ ठिणगीने इंधन पेटवण्याची कल्पना जुनीच. लेनुआर या बेल्जियन संशोधकाने १८६० मध्ये आपल्या गॅस इंजिनात ती वापरली होती. ती भरवशाची झाली १९०२ मध्ये, जेव्हा रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यास जोडलेला प्लग सिद्ध केला. त्याच बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगळुरात मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपली 'मायको', स्थापन झाली. कंपनीचे नाव २००८ पासून बॉश लिमिटेड झाले, तरी नाशिकच्या चौकाला लोक अजून मायको सर्कलच म्हणतात.

५/ १९७२ हे या कथेतील निर्णायक वर्ष. त्या वर्षी आकुर्डीच्या बजाजची चेतक आली, आणि कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना. कायनेटिकचा नगरचा कारखाना तर नगर–दौंड रस्त्यावरच! चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. लुना त्या मानाने हाती येणारी. शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले, बाजारकरी अशा माणसांच्या हातात प्रथमच स्वतःचे इंजिन आले, आणि ड्रायव्हर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

६/ ही दोन्ही इंजिने टू-स्ट्रोक. त्यांत वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, आणि अर्धवट जळलेल्या ऑइलची काजळी थेट प्लगच्या टोकावर बसते. काजळीतून वीज झिरपली की ठिणगी पडत नाही. म्हणून गाडी घेणाऱ्याला प्लग पाना आणि एक जादा प्लगही बाळगावा लागे.

७/ पुढील दृश्य चाळिशी ओलांडलेल्या वाचकांनी पाहिलेले असेल. गाडी रस्त्याच्या कडेला. मालक प्लग काढतो, टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवतो, आणि दुसरा कोणी किक मारतो. ठिणगी निळी व कडक पडली तर दोष दुसरीकडे. पिवळट व दुबळी पडली तर प्लगचा संशय. मग काचकागदाने घासणे, पेट्रोलने धुणे, आणि गॅप. दोन टोकांमधील हे अंतर बहुतेक दुचाक्यांना सुमारे ०.६ ते ०.७ मि.मी. लागते. ते मोजण्यास फीलर गेज असते. रस्त्यावर मात्र ते नजरेने ठरे, आणि पुष्कळदा ठीकही ठरे. (कधी कधी वरच्या पांढऱ्या चिनी मातीलाच तडा जाई. मग घासण्यात अर्थ नसे; प्लग बदलावाच लागे.)

८/ प्लग हा इंजिनाची प्रकृती सांगणारा एकमेव सुटा भाग होता. टोक तपकिरी, तर सारे ठीक. कोरडे काळे, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओले व तेलकट, तर ऑइल जास्त. पांढरे पडून फोड आलेले, तर इंजिन अती तापते आहे. नाडीपरीक्षेशी केलेली तुलना इथे अतिशयोक्त वाटू नये.

९/ या इतिहासाची एक काळी बाजू आहे, आणि ती काजळीची नव्हे. पेट्रोलमध्ये तेव्हा शिसे असे. इंजिनातील ठोका थांबवण्यासाठी टेट्राएथिल लेडचा उपयोग थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये अमेरिकेत सापडला. परंतु शिशाचे थर प्लगवर व व्हॉल्व्हवर साचू लागले. उपाय म्हणून ब्रोमिनयुक्त रसायन मिसळण्यात आले. त्याने शिसे वायुरूप होऊन धुराड्यातून बाहेर जाऊ लागले. प्लग वाचला, शिसे श्वासात गेले.

१०/ तरीही काही शिसे प्लगवर उरेच. गॅरेजात कामाला ठेवलेली पोरे तेच टोक खरवडत आणि तोंडाने फुंकर मारून भुकटी उडवत. त्या भुकटीविषयी त्यांना कोणी काही सांगितल्याचे आढळत नाही. भारतात १९९५ पासून महानगरांत शिसेमुक्त पेट्रोल मिळू लागले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर बंधनकारक झाले. त्या गॅरेजांत वाढलेली पिढी आज पन्नाशीत आहे.

११/ पुढे धुराच्या नियमांनी टू-स्ट्रोक मागे हटवले, फोर-स्ट्रोक आले आणि काजळी घटली. इरिडियमच्या टोकाचे प्लग आले. या धातूचा वितळणबिंदू २,४०० अंश सेल्सियसच्याही वर असल्याने टोक फार सावकाश झिजते. शिरूर तालुक्यातीलच रांजणगाव एम.आय.डी.सी.तून २०१७ पासून जीप कंपास बाहेर पडते. तिच्या पेट्रोल आवृत्तीचे प्लग कॉइलखाली दडलेले. मालकाने ते पाहावेत अशी कोणाची अपेक्षाही नाही.

१२/ चेतक २०२० मध्ये परत आली, लुना २०२४ मध्ये. दोन्ही विजेवर चालणाऱ्या. प्लग दोन्हींत नाही.