शास्त्र बायकांच्या हाती: केडगावच्या 'मुक्ती'ची वाटचाल

मंडळीत बाईने बोलावं का, शिकवावं का, हा वाद पौलाच्या पत्रांइतकाच जुना आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय स्त्रियांना मंडळीत गप्प राहायला सांगतो. त्याच पत्राचा अकरावा अध्याय मात्र प्रार्थना करताना, संदेश देताना स्त्रीने मस्तक झाकावं असं सांगतो. म्हणजे ती बोलत होती, हे तिथे गृहीतच आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात बाईने पुरुषाला शिकवू नये असं येतं, तर प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला नवऱ्याच्या बरोबरीने अपुल्लोसारख्या शास्त्रपारंगताला नीट उलगडून सांगते. या वचनांवर ईश्वरविज्ञानाचे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. पुणे जिल्ह्यातल्या केडगावात मात्र 'मुक्ती' या संस्थेने या प्रश्नाला रोजच्या कामातून उत्तर दिलं.

या उत्तराची सुरुवात संस्थेच्या संस्थापक पंडिता रमाबाईंच्या घरातच झाली होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि आईने ते मुलीला दिलं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या होत्या, तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार निघाला. त्याला मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. सनातनी घरात वाढलेल्या या विदुषीला त्याचं नवल वाटलं. कारण तिच्या शिकवण्याला वडिलांनी किंवा पतीने कधी आडकाठी केली नव्हती. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात एक भूमिका त्यांनी कधी सोडली नाही. शास्त्र मी स्वतः वाचीन, मला पटेल तेच मानीन. एका धर्मसत्तेचं जू उतरवलं ते दुसरीचं मानेवर घ्यायला नव्हे, असा त्यांचा बाणा होता. अथनेशियसचा मतांगीकार केवळ चर्च म्हणतं म्हणून स्वीकारायलाही त्या तयार नव्हत्या.

भारतात परतल्यावर 11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन हे विद्यालय सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं आणि 1893 मध्ये धर्मांतराच्या वादात सापडलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पण काम थांबलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळाने संख्या आणखी वाढली. शेती, विणकाम, शाळा, स्वयंपाक सारं बायकांनीच पेललं. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवलं, म्हणजे शास्त्र वाचण्याचा हक्क त्यांच्याही बोटांपर्यंत पोचला.

1905 च्या जून अखेरीस मुक्तीत आत्मिक जागृती झाली. मुली रात्र-रात्र प्रार्थना करू लागल्या, सगळ्यांदेखत पापं कबूल करू लागल्या. त्यांच्या तुकड्या गावोगाव साक्ष द्यायला निघाल्या. एवढा गलका, एवढी रडारड उपासनेत शोभते का, असा प्रश्न अनेक मिशनऱ्यांनी केला. पण योएलाच्या भविष्यवाणीत देवाचा आत्मा मुलगे आणि मुली, दास आणि दासी सर्वांवर ओतला जाईल असंच म्हटलं आहे, आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने त्याचाच आधार घेतला. मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मेथडिस्ट मिनी अब्राम्स यांनी या जागृतीवर 1906 मध्ये पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या वाल्पाराइसोला, त्यांच्या जुन्या वर्गमैत्रीण मे हूवर यांच्या हाती पडली. 1909 मध्ये तिथे जी जागृती झाली, तिच्या मुळाशी ही पुस्तिका होती. व्यासपीठ नाकारल्या गेलेल्या बायकांचं म्हणणं असं सातासमुद्रापार गेलं.

तरी मुक्तीचं सर्वांत खोल काम छापखान्यात झालं. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणायचं, असं रमाबाईंनी ठरवलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. देवनागरीचं खिळेकाम किचकट. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं यांचे शेकडो घरं असलेले केस, त्यातून उलट्या आकृतीचे शिशाचे खिळे वेचून स्टिकमध्ये ओळ बसवायची, फर्मा आवळायचा, प्रूफ काढायचं, चूक सापडली की पुन्हा खिळा उपसायचा. हे काम ज्या मुलींनी केलं, त्यांतल्या कित्येकींना केडगावात येण्याआधी अक्षरओळखही नव्हती. बाईने मंडळीत गप्प राहावं हे वचनसुद्धा त्यांनीच जुळवलं आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातलं, ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही, हेही त्यांनीच. दोन्ही ठिकाणी मूळ मजकुराला धक्का न लावता. शास्त्राविषयी आदर आणि स्त्रीविषयी आदर एकाच टेबलावर नांदू शकतात, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आलं. मुक्ती मिशन आजही केडगावात स्त्रिया आणि मुलांसाठी काम करतं आहे.

दरम्यान मंडळ्याही बदलल्या. 'चर्च ऑफ साउथ इंडिया'ने 1970 च्या दशकात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली आणि 2013 मध्ये पुष्पा ललिता या तिथल्या पहिल्या महिला बिशप झाल्या. कॅथलिक चर्चचा निर्णय वेगळा आहे. 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांना याजकपद देता येत नाही असं स्पष्ट सांगितलं. हा मतभेद लवकर मिटणारा नाही. पण दोन्ही बाजूंच्या मंडळ्यांना आज एक गोष्ट नक्की करता येईल: मुलींच्या हाती मूळ भाषांचं व्याकरण द्यावं, त्यांना अर्थ लावू द्यावा आणि त्यांनी लावलेला अर्थ उपासनेत ऐकावा. मुक्तीने हे परवानगीची वाट न पाहता केलं, म्हणूनच तिच्या कामाला शास्त्राचं बळ लाभलं.