लहान, पण निरोगी? : एका मोजपट्टीचा इतिहास

'मूर्ती लहान, पण कीर्ती महान' ही म्हण आपण कौतुकाने वापरतो. अंगाने किरकोळ असलेल्या मुलाच्या आईला धीर देण्यासाठीही ती उपयोगी पडते. 'आमच्या घराण्यात सगळे चणीने लहानच' हे वाक्यही बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. लोकव्यवहारातील हाच दिलासा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रीय सिद्धान्ताचे रूप घेऊन आला आणि त्यावरील वादाचे एक मुख्य केंद्र पुणे हे होते, याची आठवण आता फारशी कोणी काढत नाही. बालकुपोषणाचे आकडे वेळोवेळी प्रसिद्ध होतात, त्यांवर हळहळही व्यक्त होते. ते आकडे ज्या मोजपट्टीने काढले जातात, तिचा इतिहास मात्र सहसा सांगितला जात नाही. आम्ही भाषेचे अध्यापक आहोत, आहारतज्ज्ञ नव्हेत. तरीही 'पुरेसे' या शब्दाचा अर्थ कोणाच्या शरीरावरून ठरवायचा, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांवर सोडून देण्याजोगा आम्हांला वाटत नाही.

प्रारंभ एका शब्दापासूनच करू. जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स या ब्रिटिश अमलाखालील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करीत होत्या. पाय सुजलेली, कातडी सोलवटलेली, केस विटलेली मुले त्यांच्यापुढे येत. १९३३ साली त्यांनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली त्याला तेथील गा भाषेतले नाव दिले : 'क्वाशिओरकॉर'. दुसरे मूल आले की पहिल्याची जागा जाते. अशा स्थानभ्रष्ट झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय. मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. पाठचे भावंड आले, अंगावरचे दूध तुटले आणि वाट्याला नुसती मक्याची पेज आली, अशी ती कथा आहे. त्या नावात अन्नातील उणिवेइतकीच मुलाच्या घरातील स्थानाचीही नोंद होती.

पुढच्या काळातील वैद्यकाने यांतील पहिलीच गोष्ट उचलली. मुलांत प्रथिनांची कमतरता आहे, ती भरून काढली की झाले, असा विचार प्रबळ झाला. १९५५ साली प्रथिनविषयक आंतरराष्ट्रीय सल्लागार गट स्थापन झाला. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर येऊ घातलेल्या 'प्रथिनसंकटा'चा इशारा दिला. दुधाची भुकटी, माशांचे पीठ, शेंगदाणा-सोयाबीनची मिश्रणे असे नाना उपाय पुढे आले.

या मताला आव्हान देणाऱ्यांत दोन भारतीय आघाडीवर होते. एक, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन, दुसरे, सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जागतिक अन्न व कृषी संघटनेत दोन दशके काम करून, जगातील भूक मोजण्याच्या पद्धतीवर त्यांनी आपला ठसा उमटविला होता. भारतीय मूल जे धान्य आणि डाळ खाते, ते त्याला पोटभर मिळाले तर प्रथिनेही बहुतांशी पुरतात, असे या दोघांच्या विवेचनाचे सार होते. अन्नच अपुरे असेल तर शरीर प्रथिनेदेखील इंधन म्हणून जाळते. सरपण संपल्यावर घराचे वासे चुलीत घालावेत, तसा हा प्रकार. १९७३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले आणि १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या साऱ्या प्रथिनपर्वाची फजिती म्हणून संभावना केली.

येथपर्यंत गोपालन आणि सुखात्मे एका बाजूला होते. पुढे मात्र वाटा फुटल्या. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दरडोई २२५० उष्मांकांच्या आधारे भारतातील दारिद्र्याचे मोजमाप केले होते. निवृत्तीनंतर पुण्यात आलेल्या सुखात्म्यांनी सरासरी गरजेवर रेषा आखण्याच्या या पद्धतीलाच हरकत घेतली. एकाच माणसाची गरज कायम एकसारखी नसते, कमी अन्नात भागविण्याची क्षमता शरीर एका मर्यादेपर्यंत स्वतःच कमावते, म्हणून रेषा सरासरीवर न आखता त्या मर्यादेच्या खालच्या टोकाशी आखावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. परिणाम उघड होता. रेषा खाली आली की उपाशी माणसांची संख्याही खाली येणार होती.

याच विचाराला जोडून अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी 'लहान, पण निरोगी' हा सिद्धान्त मांडला. त्यावरचा त्यांचा लेख १९८२ साली, सुखात्म्यांनी संपादित केलेल्या आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने प्रकाशित केलेल्या ग्रंथात आला. सौम्य वा मध्यम कुपोषित म्हणून गणली जाणारी बहुसंख्य मुले केवळ उंचीने कमी आहेत. त्यांचे शरीर परिस्थितीशी जुळवून घेते आणि त्यात त्यांचे काही बिघडत नाही, असा त्याचा आशय. शासनाने लक्ष द्यायचे ते तीव्र कुपोषितांकडे, हे ओघानेच आले.

दांडेकरांनी सुखात्म्यांच्या संख्याशास्त्रीय मांडणीवर टीका केली. गोपालनांचा आक्षेप अधिक मूलगामी होता. गरिबांची मुले लहानच असणार असे मानणे म्हणजे त्यांच्या दैन्यालाच आदर्श ठरविणे होय. सुखवस्तू घरांतील मुलांसाठी असे खुजेपण कोणीही मान्य करणार नाही. मग गरिबांसाठी निराळी पट्टी का? आमच्या मते या वादाचा खरा गाभा येथेच आहे. शरीर जुळवून घेते हे खरे. पण त्याची किंमत कोण मोजतो?

या प्रश्नाचे उत्तर पुढच्या तीन अभ्यासांतून मिळत गेले. ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात मुलांना पूरक आहार दिला गेला. दोन गावांत प्रथिनयुक्त व अधिक उष्मांकांचे पेय, दोन गावांत प्रथिने नसलेले हलके पेय. ती मुले मोठी झाल्यावर २००८ साली असे दिसले की वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पहिले पेय मिळालेल्या पुरुषांची ताशी मिळकत ४६ टक्क्यांनी अधिक होती. दुसरे, जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे ८५०० मुलांची वाढ अभ्यासून २००६ साली नवी मानके प्रसिद्ध केली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील सुस्थित घरांची होती. आईचे दूध, योग्य आहार आणि निरोगी परिसर मिळाल्यास पाच वर्षांपर्यंत सर्वत्र मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यातून दिसले. तिसरा अभ्यास पुण्याचाच. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बालके पाहिली. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. ही बाळे लहान होती, परंतु त्यांच्या शरीरातील मेद त्या मानाने जपला गेला होता आणि स्नायू कमी भरले होते. अशा जडणघडणीचा संबंध पुढील आयुष्यातील मधुमेहाशी जोडला जातो. लहानपण निरुपद्रवी आहे असे म्हणणे यानंतर अवघड झाले.

तरीही सुखात्म्यांना केवळ खलनायक ठरविणे अन्यायाचे होईल. शुद्ध पाणी आणि स्वच्छता नसेल तर वारंवार होणाऱ्या जुलाबांत खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, हे त्यांनी आग्रहाने सांगितले आणि ते टिकून राहिले आहे. चूक होती ती या सूत्राचा उपयोग अन्नाचा हिस्सा कमी मानण्यासाठी होऊ देण्यात.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत अन्नाचा प्रश्न ताटभर जेवणाचा नसतोच. सहा महिन्यांनंतर आईचे दूध एकटे पुरत नाही. उष्टावणाचा संस्कार आपल्याकडे त्याच सुमारास होतो. पोट एवढेसे, म्हणून पातळ पेजेने किंवा वरणाच्या पाण्याने ते भरते, पण अंग भरत नाही. घट्ट मऊ भात-डाळ, त्यावर तेल वा तूप, भाजी, फळ, अंडे, आणि हे दिवसातून अनेकदा, असे ते काम आहे. शेतावर राबणाऱ्या आईला त्यासाठी वेळ कोण देणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी होती. २०१५-१६ साली हे प्रमाण ३४.४ टक्के होते.

मोजपट्टीविषयीचा वाद संपलेला नाही. २०१३ साली अर्थशास्त्रज्ञ अरविंद पानगढिया यांनी ही जागतिक मानके भारतीय मुलांना लावू नयेत, असा युक्तिवाद पुन्हा केला. त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी एक आम्हांला विशेष बोलके वाटते. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांच्या २०१७ च्या शोधनिबंधानुसार, भारतातील पहिली मुले आफ्रिकेतील मुलांपेक्षा बुटकी नाहीत. पाठीमागून येणाऱ्या भावंडांगणिक ही तफावत वाढत जाते आणि तिचे मूळ थोरल्या मुलाला मिळणाऱ्या झुकत्या मापात आहे. उंचीची उणीव रक्तात असती, तर ती पहिल्या मुलातही दिसायला हवी होती. गा भाषेने मुलाच्या आजाराला नाव देताना त्याचे घरातील स्थान विचारात घेतले होते; सुमारे ऐंशी वर्षांनी संख्याशास्त्र त्याच जागी येऊन पोचले. 'आमच्याकडे सगळे चणीने लहानच' असे यापुढे कोणी म्हणाले, तर त्या घरात कोणाच्या पानात किती पडते, हेही विचारायला हवे.